तांब्याच्या तारेची कांडी

यातलं मी काहीही रचलेलं नाही.

आमच्या घरात ही गोष्ट हौसेनं कोणी सांगत नाही. सांगायची वेळ आलीच, तर आधी रेडिओ, पंखा, जे काही घूं घूं करत असेल ते बंद करतात. मगच तोंड उघडतात.

आणि असलं काही रात्रीच घडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर ही जरूर ऐकावी. कारण हे सगळं घडलं भर दुपारी.

१९४६ सालचा वैशाख. नागपूर. कोष्टीपुऱ्यातलं एक दोन खोल्यांचं घर.

त्या घरात राहत होते माझ्या आजोबांचे थोरले भाऊ गिरिधर आणि त्यांची बायको भागीरथा. नात्यानं ते माझे आजोबाच, पण मी इथे त्याला नुसतं गिरिधर म्हणतो. तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

गिरिधरचा बाप विणकर, आजा विणकर. मागावर बसला नाही तो हा एकटाच. त्याला गिटारीनं वेड लावलं होतं. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडाचा तुकडा घसरवत वाजवतात ती हवाईयन गिटार. लढाईच्या दिवसांत कामठीच्या छावणीत गोऱ्यांचे नाच व्हायचे, तिथे तो वाजवायला जायचा. लढाई संपली, पलटणी परत निघाल्या. जाता जाता एका गोऱ्या शिपायानं आपली विजेवर वाजणारी गिटार आणि तिची भोंग्याची पेटी गिरिधरला देऊन टाकली.

देऊन टाकली, कारण ती मुकी झाली होती.

गिरिधर ती घेऊन सीताबर्डीला गेला, गणपतरावाच्या दुकानात. गणपतराव रेडिओ दुरुस्त करायचा. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, त्यामुळे गिरिधर त्याला गणपतच म्हणायचा.

गणपतनं गिटार खोलली. तारांच्या खाली एक लोहचुंबक, आणि त्याच्याजवळ केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली. वरची तार थरथरली की या गुंडाळीत वीज उठते, आणि ती वीज पेटीत जाऊन आवाज होते. वाजवणारे या भागाला पिकअप म्हणतात.

"गुंडाळी जळून गेली हाय गा," गणपत म्हणाला. "नवी भरा लागते. तार मी देतो. पन भरणं माह्या हातानं होत नाही. घडीघडी तुटते."

गिरिधर हसला.

"भरणारा हात माह्या घरी हाय."

तो हात भागीरथाचा. लहानपणापासून मागासाठी नळीवर सूत गुंडाळून कांड्या भरण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिनं चरख्याला जुन्या गुंडाळीचं चौकोनी लाकूड बांधलं, तार बोटांत धरली आणि चाक फिरवलं. तार तुटली नाही. गुंडाळी हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. ती म्हणायची कांडी. तांब्याची कांडी.

तेव्हा अजून फाल्गुन चालू होता. त्यांची एकुलती एक मुलगी गोपिका, सात वर्षांची, तापानं फणफणलेली. चरख्याजवळ चटईवर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायची. चाक घूं करत फिरायचं आणि ती त्याच्यासोबत बारीक हुंकार द्यायची.

हूं... हूं...

गाणं नाही, शब्द नाही. चाक हळू झालं की ती हळू. चाक थांबलं की ती गप्प.

"माय, याच्यात काय भरून राहिली वं?"

"आवाज भरून राहिली, बाई."

"माहा बी भर ना."

"भरते," भागीरथा म्हणाली.

कांडी पुरी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीच्या कपाळावर फोड दिसले.

देवी आल्या होत्या.

दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले. फोडणी बंद झाली. येणंजाणं बंद झालं. भागीरथानं शीतळामातेला काय काय कबूल केलं ते तिचं तिला माहीत. पण पोर राहिली नाही.

देवी आलेल्या लेकराला जाळत नाहीत. पुरतात.

नेणारे चौघं घाईत होते. त्यांच्याही घरी लेकरं होती. आईच्या मांडीवरून त्यांनी गोपीला उचललं, तेव्हा भागीरथानं तिचा हात सोडला नाही.

"अवो, हात गरम हाय हिचा," ती गिरिधरला म्हणाली. "पाहा ना. हात गरम हाय."

"ताप हाय बाई तो," कोणीतरी म्हाताऱ्यानं सांगितलं. "अंगातून निघाले येळ लागते त्याले."

गिरिधरनं हात लावून पाहिला नाही.

त्याची हिंमत झाली नाही. त्यानं बायकोची बोटं एक एक करून सोडवली, बस.

पुढचे कितीतरी दिवस त्या घरात चाक फिरलं नाही, गिटार वाजली नाही. दोघं समोरासमोर बसून जेवायचे आणि उठायचे.

वैशाख लागला. लग्नसराई सुरू झाली. कामठीचे नाच बंद पडले होते. आता गिरिधरला काम राहिलं होतं ते एकच, ईश्वरदासच्या बाजापार्टीत. ईश्वरदासचा निरोप आला. विजेची गिटार घेऊन ये, नाहीतर मी दुसरा माणूस पाहतो.

त्या दुपारी गिरिधरनं ती कांडी बाहेर काढली. गिटारीत बसवली, तारांना डाख दिला, पेटीला जोडली.

बाहेर ऊन असं, की गल्लीत कुत्रंही नाही. सगळ्यांची दारं लावलेली. सगळ्यांचे माग थांबलेले.

पेटी तापली. घूं असा आवाज सुरू झाला. हा आवाज त्या काळच्या सगळ्याच पेट्यांत असायचा. त्यात काही विशेष नाही.

त्यानं एक तार छेडली.

सूर असा निघाला, की त्याच्या अंगावर शहारा आला. इतका गोल, इतका भरलेला सूर त्यानं छावणीतही ऐकला नव्हता. त्यानं डोळे मिटले. सूर विरत गेला... विरत गेला... आणि विरून गेल्यावर मागे काहीतरी उरलं.

हूं...

हूं...

पेटीच्या घूं घूंच्या आत. अगदी बारीक. थांबत थांबत.

त्यानं तारांवर तळवा दाबला. तारा गप्प झाल्या.

हूं... हूं...

आतल्या खोलीत परात पडली.

भागीरथा दारात उभी होती. दोन्ही हात कणकेनं भरलेले.

"कोन हाय?" तिनं विचारलं. मग अगदी हळू म्हणाली, "गोपी?"

हुंकार थांबला.

कोणी कान देऊन ऐकावं ना... तसा थांबला.

दुसऱ्या दिवशी गिरिधरनं गणपतला घरी बोलावलं. गणपतनं पेटी तपासली, गिटार तपासली. मग तो गिटारीच्या तारांवर वाकला आणि नुसत्या तोंडानं म्हणाला, "हॅलो, हॅलो."

पेटीतून त्याचा आवाज बाहेर पडला.

"पाह्यलं? वेढे सैल हायेत. सैल गुंडाळी तारेसंगं बाहेरचा आवाजही पकडते. शेजारी कोनाचं लेकरू असन, कोनाचा चरखा असन, ते सारं याच्यात येऊन राहिलं. मी मेन आनलं हाय. गरम करायचं आन् ही त्याच्यात बुडवून काढायची. वेढ्यावेढ्यात मेन गेलं का एकदम चूप. सूर बी साफ येईन."

"गरम मेनात?" भागीरथानं विचारलं.

"हो, वहिनी."

"पोरीले?"

गणपतनं गिरिधरकडे पाहिलं. गिरिधर जमिनीकडे पाहत होता.

भागीरथानं पुढे होऊन गिटार उचलली आणि पदराखाली घेऊन आत गेली.

गणपत मेणाची वडी तिथेच ठेवून उठला. दारात थांबून हळूच म्हणाला, "गिरिधर, येडा होऊ नको गा. बुडवून टाक."

गणपतचं बरोबर आहे, हे गिरिधरला कळत होतं. पण त्यानं मेण तापवलं नाही. कारण त्यालाही ऐकायचं होतं. बायकोपेक्षा जास्त ऐकायचं होतं.

चार दिवसांनी ईश्वरदासकडे सकाळी तालीम होती. गिरिधर गिटार घेऊन गेला. पहिलंच गाणं अर्ध्यावर आलं असेल, आणि हार्मोनियमवाल्यानं हात थांबवला. मग क्लॅरिनेटवाल्यानं. सगळे इकडेतिकडे पाहू लागले.

"लेकरू कोनी आनलं गा इथं?" ईश्वरदासनं विचारलं.

कोणीच आणलं नव्हतं.

गिरिधरनं झटकन पेटीचं बटण फिरवलं. ईश्वरदासच्या कपाळाला घाम आला होता.

"हे पाह्य, सूर तुहा एक नंबर हाय. पन लग्नाच्या मांडवात हे चालणार नाही. शनिवारपर्यंत साफ करून आन. नाहीतर येऊ नको."

म्हणजे तो आवाज गेला नाही, तर हातातलं एकमेव काम जाणार होतं. गिरिधर घरी आला आणि कामाला लागला.

पण जे गप्प करायला त्याला सांगितलं होतं, तेच तो मोठं करू लागला.

बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं गुंडाळीभोवती बसवला आणि त्याला अर्थिंग दिलं. पेटीची घूं घूं गेली. हुंकार मात्र गेला नाही. उलट उजळला.

मग सूर दाबून धरणारा कंडेन्सर काढून दुसरा लावला. आता हुंकाराच्या मधला श्वास ऐकू येऊ लागला.

मग लोहचुंबक उचलून तारांच्या अगदी जवळ आणला. आता जिभेचा आवाज ऐकू येऊ लागला. तापात तोंड कोरडं पडल्यावर लेकरू जीभ टाळूला लावतं ना... तो.

भागीरथा त्याच्या बाजूला बसून असायची. चूल पेटायची नाही. जेवण नाही, आंघोळ नाही.

"आनखी जरासक," ती म्हणायची. "काहीतरी बोलून राहिली हाय ती. आनखी जरासक साफ करा ना."

डाखण्याची तापलेली सळई गिरिधरच्या बोटावर टेकली, कातडी जळाल्याचा वास आला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. एक जोड सोडवायचा, दुसरा करायचा. बटण फिरवायचा. कान पेटीला लावायचा.

शुक्रवारी दुपारी शब्द आला.

"माय..."

भागीरथानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

"माय... अंधार हाय..."

गिरिधरनं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"माय... उघड ना."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उन्हानं कौलं तडतडत होती, तेवढाच आवाज.

मग भागीरथानं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हात गरम होता," ती म्हणाली. "मी सांगतलं होतं तुमाले."

भागीरथा उठली, मागच्या दारी गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात कुदळ होती.

गिरिधरनं भिंतीतून वायर उपसून काढली. पेटी बंद झाली. दाराला कुलूप लावलं आणि दोघं निघाले.

वैशाखातल्या दुपारी नागपुरात रस्त्यावर कोण असतं? त्यांना कोणीही पाहिलं नाही. नाग नदी आटून तिची नुसती धार राहिली होती. काठावर, बाभळींच्या पलीकडे, लेकरांना पुरायची जागा. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचलेले, काटे टाकलेले.

गिरिधरनं दगड काढले. कुदळ चालवली. भागीरथा समोर बसून हातांनी माती ओढत होती. तिची नखं तुटली तरी ती थांबली नाही.

खणता खणता गिरिधर मनातल्या मनात देवाला एकच मागत होता.

पोर मेलेलीच असू दे.

कोणत्या बापानं असा नवस केला असेल? त्यानं केला. नेलं तेव्हाच मेलेली असू दे, देवा. मी तिचा हात धरून पाहिला नाही. ती मेलेलीच असू दे.

खाली पिवळं फडकं दिसलं.

त्यांनी काय पाहिलं, ते गिरिधरनं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की हात जसे छातीवर ठेवले होते तसेच होते. फडक्याची गाठ जशी बांधली होती तशीच होती. तिनं कूससुद्धा बदललेली नव्हती.

पोर घरातून निघतानाच गेलेली होती.

दोघं त्या खड्ड्याच्या काठावर बसून रडले. गोपी गेल्यापासून पहिल्यांदाच असे रडले. भागीरथा मातीवर हात फिरवत म्हणत होती, "झोपली हाय माही बाई. सुखानं झोपली हाय." मग त्यांनी माती परत लोटली, दगड रचले, काटे ठेवले.

परतताना गिरिधरला हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. तो नदीकाठानं भराभर चालत होता, आणि चालता चालता एकदम थांबला.

भागीरथाही थांबली. तिलाही तेच सुचलं होतं.

मग पेटीत कोण बोलत होतं?

दोघं झपाझप निघाले. घरी आले. गिरिधरनं कुलपात किल्ली घातली. आत सगळं जसं टाकून गेले होते तसंच होतं. वायर भिंतीपासून लांब, जमिनीवर पडलेली. त्यानं पेटीला हात लावला. थंडगार होती.

"माय..."

विजेशिवाय.

"माय, उघड ना. कवाची बोलावून राहिली."

आता शब्द अगदी साफ होता. बाजूला उभं राहून बोलावं इतका साफ. आणि आवाज गोपीचाच. तीच ओढ, तोच लाडिक हेल.

गिरिधरनं शेगडी पेटवली. कढईत मेणाची वडी टाकली. निखाऱ्यांना वारा घालता घालता मागे वळला, तर भागीरथा कोपऱ्यात बसली होती. गिटार मांडीवर घेतलेली. लेकराला घेतात तशी, डोकं कोपराच्या वळणात.

"भागीरथा, ठेव ते खाली. आत्ताच पाह्यलं ना आपन? पोट्टी तिथं हाय. हे आपली नव्हे वं."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"आवाज तर तिचा हाय ना?" ती म्हणाली. "दुसरं काय राह्यलं माह्यापाशी?"

मेण वितळू लागलं होतं. गिरिधर तिच्याकडे एक पाऊल सरकला. आणि त्याच्या लक्षात आलं, की आजवर या हाकेला त्या दोघांपैकी कोणीच उत्तर दिलेलं नाही. ऐकलं, कान लावला, साफ केलं. पण ओ दिली नाही.

भागीरथाच्या ओठांकडे पाहून त्याला कळलं ती काय करणार आहे.

"नको! ओ देऊ नको—"

"ओ, बाई," भागीरथा म्हणाली. "उघडलं. ये."

सगळं शांत झालं.

इतकं शांत, की कढईतल्या मेणाचा बुडबुडा फुटलेला ऐकू आला.

भागीरथाला एक उचकी लागली. एकच.

मग तिनं गिटार हळूच खाली ठेवली, उठली, आणि चूल पेटवायला गेली.

गिरिधरनं गुंडाळी काढून मेणात बुडवली. बुडबुडे येत राहिले, येत राहिले, मग थांबले. थंड झाल्यावर पुन्हा बसवली. वीज जोडली. पेटीत घूं नाही, हुंकार नाही, काही नाही. तार छेडली की सूर, आणि सूर संपला की निव्वळ शांतता. शनिवारी ईश्वरदासनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या उन्हाळ्यात त्याची गिटार ऐकायला कामठीहून माणसं येत. गिरिधर मान खाली घालून वाजवायचा आणि वाजवून झालं की कोणाशी न बोलता घरी जायचा.

घरी भागीरथा आता रांधत होती, बोलत होती, वेणी घालत होती. शेजारच्या बाया म्हणाल्या, बरं झालं, बाई सावरली.

एका दुपारी ती चरख्यावर बसून कांड्या भरत होती. भरता भरता हुंकार देत होती.

हूं... हूं...

गिरिधर खाटेवर पडून ऐकत होता. लेकीची आठवण काढत असेल, त्याला वाटलं. असू दे.

चाक थांबलं. तहान लागली म्हणून तिनं लोटा उचलला, तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्यायली.

हुंकार चालूच होता.

गिरिधर उठून बसला.

तिनं लोटा खाली ठेवला. ओठ पुसले. ओठ मिटलेले होते. हूं... हूं... त्याच लयीत, कुठून तरी खोलातून. तिनं त्याच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पुटपुटली.

"हळू. झोप लागून राहिली तिले."

वैद्य झाले. देवऋषी झाले. धंतोलीचे डॉक्टर झाले. कोणाला काही सापडलं नाही. ती दोघांचं जेवायची आणि वाळत जायची. गणपत भेटायला यायचा तेव्हा बाहेरच बसायचा. गिरिधरला सगळ्यांनी सांगितलं, तिला माहेरी पाठव. त्यानं पाठवलं नाही. तो बाहेरच्या खोलीत झोपायचा, पण मधलं दार कधी लावून घेतलं नाही.

१९४७ च्या चैत्रात भागीरथा गेली. जाण्याआधी दोन दिवस तिचं एकच चाललं होतं. नवऱ्याचा हात धरून विनवत होती.

"मले जाळू नका. आत पोर हाय."

लाकडं आली होती. भाऊबंद जमले होते. देवी नाही, काही नाही, मग पुरायचं काहून, असं सगळे विचारत होते. गणपतनं गिरिधरला बाजूला घेतलं.

"जाळ गा," तो म्हणाला. "तुले तर माहीत हाय ते गोपी नव्हे. जे असन ते जाऊन जाईन."

गिरिधरनं बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पुरा," तो म्हणाला.

पण गोपीजवळ नाही. गोपीपासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब, नदीच्या दुसऱ्या अंगाला.

सगळे माघारी फिरले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गिरिधर मागे राहिला. त्याला एकटं कसं सोडायचं म्हणून गणपत थोडा दूर, बाभळीखाली थांबला. हे पुढचं गणपतनं पाहिलेलं आहे.

गिरिधर ताज्या मातीवर ओणवा झाला. त्यानं कान मातीला लावला.

थोडा वेळ काहीच नाही.

मग तो एकदम मागे सरकला. दोन्ही हात त्यानं तोंडावर दाबून धरले. तो तसाच बसून राहिला. सावल्या लांब झाल्या तरी त्यानं हात काढले नाहीत. गणपतनं शेवटी जाऊन त्याला उठवलं, तेव्हा त्याच्या गालांवर बोटांचे वळ उठले होते आणि ओठातून रक्त येत होतं.

दोघं सीताबर्डीपर्यंत चालत आले.

मग गिरिधर म्हणाला, "हाक आली होती."

"कोनाची गा? वहिनीची... का पोट्टीची?"

गिरिधर पुष्कळ वर्षं जगले. गणपतनं विचारलं, आमच्या आजोबांनी विचारलं, मोठी झाल्यावर आमच्या आईनंही एकदा विचारलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कोणालाच दिलं नाही. विचारलं की ते मान हलवायचे आणि दर वेळी तेवढंच सांगायचे.

"मी ओ देल्ली नाही."

आणि मग, कोणी काही म्हटलेलं नसताना, खाली जमिनीकडे पाहून माफी मागितल्यासारखे हात जोडायचे.